जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन बांधायला काढताय? आधी धूर, रिंग आणि 'दहा-वीस-तीस'चं गणित समजून घ्या

गोंदियापासून थोड्या अंतरावर कामठ्याजवळ बिरसी नावाचं गाव आहे. नाव ऐकल्यासारखं वाटत असेल तर ते विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये इंग्रजांनी इथं धावपट्टी बांधली. आता तिथून प्रवासी विमानं उडतात आणि पायलट घडवणारी नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटही तिथंच आहे.

आता तुम्ही म्हणाल, विषय ट्रॅक्टरचा आणि हे विमान मध्येच कुठून आलं?

तर गंमत अशी आहे. विमानतळाच्या भिंतीच्या आत शिकाऊ पायलटांची लहान विमानं असतात आणि भिंतीच्या बाहेर धानाच्या बांध्या. दोन्हीकडे पिस्टनची इंजिनं चालतात. पण विमानाचं इंजिन कधी खोलायचं हे तासांवर ठरलेलं असतं. जगभर शिकाऊ विमानांत वापरलं जाणारं लायकमिंगचं आयओ-३६० हे चार सिलेंडरचं इंजिन घ्या. ते साधारण २००० तास चाललं की ओव्हरहॉल करा, असं कंपनी सांगते. मग ते वरून कितीही गुणगुणत असो.

ट्रॅक्टरचं तसं नसतं. ट्रॅक्टर धूर मारायला लागतो, आपण दुर्लक्ष करतो. ऑइल खायला लागतो, आपण टाकत राहतो. सकाळी चालू होईना म्हणून रात्री उतारावर लावून ठेवायला लागतो. आणि मग एक दिवस, बरोब्बर चिखलणीच्या हंगामात, तो बांधीतच बसतो.

धानाच्या पट्ट्यात हे बसणं फार महागात पडतं. पऱ्हे टाकले की घड्याळ सुरू होतं. २१ ते २५ दिवसांचं रोप रोवणीला चांगलं, त्यापुढं ते जसं म्हातारं होत जातं तसे फुटवे कमी येतात. पाऊस पडलाय, बांधीत पाणी आहे, रोवणीच्या बाया सांगून ठेवल्यात आणि ट्रॅक्टर मिस्त्रीकडे उघडा पडलाय. भाड्याचा आणावा तर त्या आठवड्यात सगळ्या गावाला तोच हवा असतो.

म्हणून घरचा जुना ट्रॅक्टर बांधून घ्यायचा का, कधी घ्यायचा आणि मिस्त्री जी यादी हातात देतो तिचा अर्थ काय, हे नीट बघू.

आधी हे जुने ट्रॅक्टर आले कुठून?

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ ला. म्हणजे या भागातले कित्येक ट्रॅक्टर जिल्ह्यापेक्षा वयानं मोठे आहेत.

महाराष्ट्रात 'घरचा जुना ट्रॅक्टर' म्हटलं की एक नाव हमखास येतं, बी-२७५. हा मूळचा इंग्लंडमधल्या डॉनकास्टरचा. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनी १९५८ पासून तिथं हा ट्रॅक्टर बनवायची. १९६३ मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली, आणि मुंबईच्या कांदिवलीत बी-२७५ बनू लागला. पुढं महिंद्राचा नागपूरलाही कारखाना झाला.

या ट्रॅक्टरच्या इंजिनाचं नाव बीडी-१४४. यातला १४४ म्हणजे घनइंच, आपल्या भाषेत सुमारे २३५० सीसी. चार सिलेंडर, पिस्टनची धाव चार इंच. याच घराण्याचं डिझेल इंजिन पुढं महिंद्राच्या जीपमध्येही बसलं. त्यामुळे त्या काळातल्या मिस्त्रींना ट्रॅक्टर आणि जीप, दोन्ही एकाच पान्याच्या डब्यात सापडायचे.

दुसरं नाव एचएमटी. झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरसोबत १९७१ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला हे ट्रॅक्टर सुरू झाले आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारनं हा विभाग बंद करायचा निर्णय घेतला. (झाडीपट्टीत एचएमटी म्हटलं की घड्याळ, ट्रॅक्टर आणि तांदूळ असे तीन अर्थ निघतात. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी निवडून काढलेल्या धानाला त्या घड्याळाचंच नाव मिळालं होतं.) आता कंपनीच बंद झाल्यावर सुट्या भागांचं काय, हा प्रश्न एचएमटीवाल्यांना पडतोच. तो पुढं येईल.

इंजिन झिजतं म्हणजे नक्की काय झिजतं?

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा दाबतो. साधारण सोळा-सतरा भाग हवा एका भागात कोंबली जाते आणि त्या दाबानंच ती ५०० अंशांच्या आसपास तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलनं डिझेलचा फवारा मारला की भडका उडतो. बास, एवढंच आहे डिझेल इंजिन. बाकीचं सगळं या एका गोष्टीसाठी राबणारं बिऱ्हाड.

म्हणजे हवा दाबली गेली नाही तर काहीच होणार नाही. हवा दाबून धरायचं काम करतात पिस्टनभोवतीच्या रिंगा. पिस्टन ज्या नळकांड्यात वर-खाली होतो ते लायनर. रिंग लायनरला चिकटून घासत राहते, मध्ये फक्त ऑइलचा पातळ थर.

एक हिशोब करून बघा. इंजिन मिनिटाला २००० फेरे मारतंय असं धरा. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर, एकदा खाली. चार इंचाची धाव म्हणजे साधारण १० सेंटिमीटर. तासाभरात तो पिस्टन त्या वीतभर नळकांड्यात २४ किलोमीटर धावतो. ट्रॅक्टर ५००० तास चालला असेल तर पिस्टन सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास धावलाय, पृथ्वीला तीन फेऱ्या मारून.

एवढं घासल्यावर झीज होणारच. पण ती सगळीकडे सारखी होत नाही. सगळ्यात जास्त झीज वरच्या टोकाला होते, जिथं पिस्टन क्षणभर थांबून उलटा फिरतो. तिथं भडक्याची उष्णता जास्त, दाब जास्त आणि ऑइल कमी. त्यामुळे जुना लायनर आतून वर रुंद, खाली अरुंद असा होतो. अगदी वर, जिथं रिंग पोचतच नाही, तिथं मात्र जुना न झिजलेला काठ तसाच राहतो. लायनरच्या तोंडाशी नख फिरवलं तर तो काठ लागतो. नखाला चांगली पायरी लागली म्हणजे समजायचं, कारभार आटोपलाय.

आणि ही झीज वेळेआधी करणारा सगळ्यात मोठा चोर कोण? धूळ. मळणी, कोरड्या शेतातली नांगरणी, कच्च्या रस्त्यानं धानाचे कट्टे वाहणं, सगळीकडे धूळच. जुन्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ एअर क्लीनर असतो. खाली वाटी, वाटीत ऑइल, हवा त्यावरून वळसा घेते आणि धूळ ऑइलात बसते. वाटीतलं ऑइल चिखल झालं असेल, किंवा क्लीनर ते इंजिन यांच्या मधल्या रबरी पाइपला चीर पडली असेल, तर इंजिन सरळ धूळ पितं. धुळीतली वाळू आणि ऑइल मिळून जे तयार होतं ते म्हणजे वॉल्व्ह घासायची पेस्टच की. अख्खं इंजिन बांधून घेणारा माणूस हा दोनशे-तीनशे रुपयांचा पाइप मात्र जुनाच ठेवतो, असं दिसलं की वाईट वाटतं.

धूर वाचायला शिका

काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाहीये. हवा कमी पडतेय, नोझल नीट फवारत नाहीये किंवा झेपत नाही एवढं ओझं लावलंय. केज व्हील लावून खोल चिखलात दाबलं की धडधाकट इंजिनसुद्धा थोडा काळा मारतं. नुसत्या काळ्या धुरावरून इंजिन खोलू नका. आधी एअर क्लीनर, मग नोझल.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिंगांतून वर चढतंय किंवा वॉल्व्हच्या गाइडमधून खाली उतरतंय.

पांढरा धूर थोडा फसवा. सकाळी थंड इंजिनातून थोडा वेळ आला तर फार काही नाही. गरम झाल्यावरही येत राहिला तर दोन शक्यता. एक तर दाब कमी आहे म्हणून डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नाहीतर गॅस्केट किंवा लायनरमधून पाणी आत जातंय. डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणीच, आणि मग एक तासही चालवू नका.

धुरापेक्षा खरं बोलतो तो ब्रीदर. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर जायला जी नळी असते ती. इंजिन गरम करा, थोडं रेस करा आणि बघा. हलकी वाफ येणं ठीक. पण भक्‌भक् करत धूर आणि ऑइलचे थेंब फेकत असेल तर भडक्याचा दाब रिंगांना चुकवून खाली पोटात उतरतोय.

तरी एक शंका उरते. दाब रिंगांतून जातोय की वॉल्व्हमधून? याला जुनी युक्ती आहे. नोझल काढून त्या जागी गेज लावायचा, इंजिन फिरवून दाब मोजायचा. मग त्याच भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचा. दाब चांगला वाढला तर दोष रिंग-लायनरचा, कारण ऑइलनं फट तात्पुरती भरली. फारसा फरक पडला नाही तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट बघा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. ज्या इंजिनाला फक्त हेडचं काम हवं होतं ते उगाच पूर्ण खोललं जाण्यापासून वाचतं.

एक धोका इथंच सांगून टाकतो. फार झिजलेलं डिझेल इंजिन कधीकधी स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं. स्टॉपरची दांडी ओढली तरी थांबत नाही, आवाज चढतच जातो, कारण त्याला डिझेलची गरजच उरलेली नसते. अशा वेळी हवा बंद करणं हाच उपाय. एअर क्लीनरच्या तोंडावर जाड फळी दाबायची. हात किंवा सैल कपडा नाही, तो आत ओढला जातो. आणि माणसं आधी बाजूला काढायची.

'हाफ इंजिन' आणि 'फुल इंजिन'

मिस्त्रीकडे गेलात की हे दोन शब्द कानावर पडतात.

हाफ इंजिन म्हणजे वरचं काम. हेड उतरवायचं, वॉल्व्ह घासायचे, लायनर-पिस्टन-रिंगांचा सेट नवा, कनेक्टिंग रॉडची बेअरिंग नवी. क्रँक जागेवरच राहतो. फुल इंजिन म्हणजे क्रँकही बाहेर, त्याचं ग्राइंडिंग, मेन बेअरिंग, कॅमचे बुश, ऑइल पंप, सील, सगळं.

इथं ट्रॅक्टरची एक वेगळी भानगड आहे. ट्रकसारखी ट्रॅक्टरला खाली वेगळी चेसिस नसते. बहुतेक ट्रॅक्टरांत पुढचा एक्सल इंजिनाला, इंजिन क्लच हाउसिंगला आणि ते गिअरबॉक्सला असं नटबोल्टनं जोडलेलं असतं. इंजिन हाच ट्रॅक्टरचा कणा. त्यामुळे फुल इंजिन करताना ट्रॅक्टर अक्षरशः मधून तोडावा लागतो. दोन्ही तुकड्यांखाली मजबूत लाकडी ठोकळे किंवा स्टँड हवेत, नुसत्या जॅकवर सोडून खाली शिरायचं नाही. अंगणात, मऊ मातीवर हे काम होताना दिसलं तर हटकून थांबवा.

मग हाफ की फुल? पैसे वाचतात म्हणून सगळ्यांचा ओढा हाफकडे असतो. पण ठरवायचं ऑइल प्रेशरवर. इंजिन गरम झाल्यावर प्रेशरचा काटा खाली बसत असेल, किंवा पोटातून ठकठक येत असेल, तर खालची बेअरिंग गेलीत. अशा इंजिनाला वरून नवा सेट घातला तर दाब वाढतो आणि तो सगळा खालच्या दमलेल्या क्रँकवर येतो. काही महिन्यांत तेच इंजिन पुन्हा उघडावं लागतं. तेव्हा हाफचा खर्च आणि फुलचा खर्च अशी बेरीज होते.

आणि सगळ्यात स्वस्त सल्ला असतो, 'नुसत्या रिंगा बदलून घ्या.' हा कधी चालतो आणि कधी नाही, यासाठी थोडं गणित करू.

रिंग म्हणजे पूर्ण गोल नसते, तिला एके ठिकाणी काप असतो. लायनरमध्ये बसवल्यावर त्या कापात थोडी फट उरावी लागते, कारण तापल्यावर रिंग फुगते. साधारण ठोकताळा असा की १०० मिलिमीटरच्या बोअरला ०.३ ते ०.४ मिलिमीटर फट. आता लायनरचा व्यास झिजून ०.२ मिलिमीटरनं वाढला असं समजा. वर्तुळाचा घेर वाढतो व्यासाच्या ३.१४ पट. म्हणजे रिंगेची फट वाढली ०.६३ मिलिमीटरनं. ०.४ ची फट एकदम १ मिलिमीटरच्या पुढं गेली! नवी कोरी रिंग घालूनसुद्धा.

शिवाय लायनर वर रुंद, खाली अरुंद. म्हणजे तीच रिंग प्रत्येक फेऱ्यात फाकते आणि आवळली जाते. वरच्या त्या शिल्लक काठावर नवी, टोकदार कडेची रिंग आपटते आणि तुटते. लायनर जवळजवळ नव्यासारखाच असेल तरच नुसत्या रिंगांना अर्थ आहे.

हे तुम्ही स्वतः बघू शकता. मिस्त्रीला सांगा, नवी रिंग लायनरमध्ये आधी वरच्या भागात आणि मग तळाशी सरळ बसवून दोन्हीकडे फिलर गेजनं फट मोजून दाखवा. दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढा लायनर वाकडा. चांगला मिस्त्री हे न सांगताच करतो. न करणाऱ्याला राग आला तर येऊ द्या.

'क्रँक वीसवर गेलाय' म्हणजे काय?

लेथवाल्याची ही भाषा पहिल्यांदा ऐकली की काही कळत नाही. दहा, वीस, तीस, चाळीस. हे इंचाच्या हजाराव्या भागाचे आकडे. दहा म्हणजे ०.०१० इंच, पाव मिलिमीटर. वीस म्हणजे अर्धा मिलिमीटर.

क्रँक जिथं बेअरिंगमध्ये फिरतो ते गोल भाग झिजून लंबगोल होतात, त्यावर ओरखडे पडतात. ग्राइंडिंग मशिनवर ते घासून पुन्हा गोल करतात. घासल्यावर क्रँक बारीक होतो, मग तेवढ्याच मापानं जाड असलेली बेअरिंग घालायची. पहिल्यांदा दहा, पुढच्या वेळी वीस, असं करत बहुतेक क्रँक चाळीसपर्यंत जातात. त्यानंतर क्रँकच बदलायचा.

म्हणून जुन्या ट्रॅक्टरबद्दल पहिला प्रश्न हाच विचारा, 'क्रँक सध्या कितीवर आहे?' आधीच तीसवर असेल तर या घराला अजून एकच बांधणी मिळणार आहे. जुना ट्रॅक्टर विकत घेणाऱ्यांनी तर हे रंग बघायच्या आधी विचारावं.

क्रँक आणि बेअरिंगमध्ये जी फट ठेवायची ती मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असते, माणसाच्या केसाएवढी. तिथं ऑइल भरून राहतं आणि क्रँक त्या ऑइलवर तरंगत फिरतो. फट जास्त झाली की ऑइल वाहून जातं, प्रेशर पडतं. कमी झाली तर बेअरिंग चिकटतं. त्यामुळे मायक्रोमीटर न लावता 'अंदाजानं बसतंय' म्हणणाऱ्याकडे क्रँक देऊ नका. घासून आल्यावर क्रँकमधली ऑइलची भोकं नीट धुवून, हवा मारून घ्यायची. ग्राइंडिंगची बारीक कीस तिथं अडकलेली असते आणि पहिल्या पाच मिनिटांत नवी बेअरिंग खाऊन टाकते. उत्तम सामान घालूनही इंजिन लवकर गेलं की बऱ्याचदा कारण हेच निघतं.

लायनरचे दोन प्रकार असतात. ओल्या लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं. कोरडा लायनर ब्लॉकच्या भोकात घट्ट बसवलेला असतो. ओल्या लायनरला तळाशी रबरी रिंगा असतात. त्या वळल्या, चिमटल्या तर पाणी सरळ ऑइलात. म्हणून लायनर बसवल्यावर, खालचा चेंबर लावायच्या आधी, रेडिएटरच्या बाजूनं पाणी भरून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी खालून बॅटरी मारून बघायचं. एक थेंबही दिसता कामा नये.

हेड बसवताना टॉर्क पाना हवाच. मधल्या बोल्टपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जायचं, तेही दोन-तीन टप्प्यांत. एका कोपऱ्यापासून जोर लावून आवळत गेलात तर हेड नीट बसत नाही आणि गॅस्केट उडतं. डिझेल पंप आणि नोझल मात्र गावात खोलायचं काम नाही. ते पंपवाल्याकडे टेस्ट बेंचवर तपासून आणा. नवीन सेट घातला आणि नोझल जुनंच पिचकारीसारखी धार मारत राहिलं, तर ती धार पिस्टनचं डोकं जाळते.

एवढं करण्यापेक्षा नवीनच घेतला तर?

प्रश्न रास्त आहे. चाळीस एचपीच्या आसपासचा नवा ट्रॅक्टर सहा-सात लाखांच्या घरात जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. टायर आणि ठरावीक सुट्या भागांवरचा १८ वरून ५ वर आलाय. म्हणजे नवा स्वस्त झाला तसा जुना बांधणंही स्वस्त झालं. फक्त त्यासाठी पक्कं बिल घ्यावं लागेल, चिठ्ठीवर नाही.

माझं मत विचाराल तर ब्लॉक फुटलेला नसेल, गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक धड असेल, तर घरच्या चार-पाच एकरासाठी कर्ज काढून नवा आणण्यापेक्षा जुना बांधणं शहाणपणाचं. उलट गिअर सटकतोय, हायड्रॉलिक धरत नाही, टायर गेलेत आणि इंजिनही गेलंय, तर एकट्या इंजिनात पैसे ओतून उपयोग नाही. भाड्यानं चालवायचा ट्रॅक्टर असेल तर हिशोब पुन्हा वेगळा, कारण तिथं बंद पडलेला प्रत्येक दिवस गिऱ्हाईक घालवतो.

एस्टिमेट घेताना एक करा. सामान, लेथचं काम, पंपाचं काम आणि मजुरी असे चार आकडे वेगळे लिहून मागा. 'सगळं मिळून एवढे' या एका आकड्यात नेमकं काय नवीन पडलं हे कधीच कळत नाही. जुने पिस्टन, बेअरिंग, नोझल परत मागून घ्या. भंगारात चार पैसे येतील ते सोडा, पण बदललेत याची खात्री पटते.

सुट्या भागांबाबत एचएमटीवाल्यांनी घाबरायचं कारण नाही, पण सावध राहावं. कंपनी बंद झाली तरी इतर उत्पादकांचे लायनर-पिस्टन मिळतात. पण मॉडेलच्या नावावर सामान आणू नका, जुना नग सोबत न्या आणि मोजून घ्या. आणि पूर्ण सेट जुळल्याशिवाय इंजिन उघडू नका. उघडल्यावर एका सीलसाठी नागपूरच्या चार फेऱ्या झाल्या की हंगाम हातचा जातो.

नव्या ट्रॅक्टरांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना कडक प्रदूषण नियम लागू झाले, त्यामुळे त्यांत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं. वर सांगितलेलं सगळं पाना-गेजचं जग जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनांचं आहे.

आणि ते १० वर्षांचं फॉरवर्ड?

'१० वर्षं झालेले ट्रॅक्टर भंगारात जाणार' असा मेसेज अधूनमधून फिरतो. तो खोटा आहे. शेतीच्या ट्रॅक्टरला १० वर्षांनी भंगारात काढायची सक्ती नाही, हे केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं स्पष्ट केलंय. दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांचा नियम दिल्ली परिसरातला. आपल्याकडे शेतीचा ट्रॅक्टर नियमानुसार बिगर-वाहतूक वाहन आहे. नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते.

पण बांधणीशी जोडलेली एक खरी अडचण आहे. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. त्याच ब्लॉकमध्ये लायनर, पिस्टन, क्रँक बदलले तर काही प्रश्न नाही. ब्लॉक किंवा अख्खं इंजिनच दुसऱ्या ट्रॅक्टरचं बसवलं तर आरटीओत नोंद करावी लागते. भंगारातून आणलेल्या ब्लॉकचं बिल नसेल तर तो मुळात घेऊच नका. अपघात झाला, विम्याचा दावा केला किंवा ट्रॅक्टर विकायला काढला की तो नंबर आडवा येतो.

बांधून झाल्यावरचे पहिले ५० तास

इंजिन चालू करण्याआधी हवा काढून डिझेल पंपापर्यंत आणायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ऑइलही आधी फिरवून घ्यायला हवं. स्टॉपर ओढून, म्हणजे इंजिन पेटू न देता, थोडं थोडं स्टार्टर मारत प्रेशरचा काटा हलेपर्यंत थांबायचं. मग चालू करायचं.

यानंतर जी गोष्ट बहुतेक घरांत होते ती म्हणजे 'नवीन इंजिन आहे, जपून' म्हणत ट्रॅक्टर तासन्‌तास रिकामाच चालू ठेवणं. यानं नुकसान होतं. नव्या लायनरवर बारीक तिरप्या रेघा असतात. रिंग आणि त्या रेघा एकमेकींना घासून जुळायला भडक्याचा दाब लागतो, आणि दाब येतो ओझ्यातून. रिकामं चालवलं तर रेघांवर चकचकीत थर चढतो आणि नवं इंजिन आयुष्यभर ऑइल खातं. म्हणून हलकं ते मध्यम काम द्यायचं. रिकामी ट्रॉली, हलकी कल्टिव्हेटर मारणी. नांगर नाही, धानानं भरलेली ट्रॉली नाही आणि केज व्हील लावून चिखलणी तर नाहीच.

५० तासांनी ऑइल आणि फिल्टर बदलायचे, कारण घासून निघालेली धातूची पूड त्यातच असते. हेडचे बोल्ट त्या मॉडेलच्या पुस्तकात असेल तसे पुन्हा आवळायचे, टॅपेट लावून घ्यायचे.

आता हे कॅलेंडरवर मांडा. उन्हाळ्यात दिवसाला चार-पाच तासांचं हलकं काम मिळालं तर ५० तास भरायला दहा-बारा दिवस लागतात. लेथवाल्याकडे आणि पंपवाल्याकडे एप्रिल-मेमध्ये रांग असते, त्यामुळे उघडल्यापासून चालू होईपर्यंत तीन आठवडे धरून चाला. पेरणी-पऱ्ह्यांच्या आधी जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रॅक्टर पूर्ण ओझ्याला तयार हवा असेल, तर तो मिस्त्रीच्या दारात मेच्या सुरुवातीलाच उभा पाहिजे.